आतड्याला भोक, रात्रीचं ऑपरेशन आणि पोटावरची पिशवी : पुण्यातल्या एका हॉस्पिटलचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये. बिलाचा एक विषय अजून मिटलेला नाही आणि मला उगाच नोटीस-बिटीस नको. पुण्यातलं, खाजगी, मध्यम साइजचं, ना फार पॉश ना फार कळकट, एवढं पुरे. रेटिंग विचाराल तर सर्जरीला पाचपैकी पाच, स्टोमावाल्या (म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड आणि त्याची पिशवी सांभाळायला शिकवणाऱ्या) सिस्टरना पाचपैकी सहा, बिलिंगला एक आणि तोही रडतखडत. ज्यांना फक्त आकडे हवे होते त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण लांब होणार आहे.

पेशंट माझा भाचा, बार्शीचा, एमपीएससीची तयारी करतोय, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळची मेस, मधे चार-पाच कटिंग आणि वडापाव, पाणी मिळेल तिथलं. त्याला ताप आला. पेठेतल्या एका डॉक्टरने विडाल (टायफॉइडसाठीची रक्ताची टेस्ट) केली, पॉझिटिव्ह आली, टायफॉइड आहे म्हणाले, सलाईन लावली, अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. तीन-चार दिवसांत जरा बरं वाटलं तशा याने गोळ्या बंद केल्या कारण पूर्व परीक्षा तोंडावर होती आणि गोळ्यांनी मळमळ होत होती. ताप परत आला, मग पॅरासिटामॉल खाऊन अभ्यासिका चालूच, असं करत दोन आठवडे होत आले. आम्हाला पत्ता नाही. मी राहतो कर्वेनगरला, म्हणजे स्कूटरवर वीस मिनिटं, पण साहेबांनी मामाला फोन कधी केला तर पोटात एकदम सुरा खुपसल्यासारखं झालं तेव्हा, संध्याकाळी साडेसात-आठला.

पहिल्यांदा त्याला जवळच्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं (त्याचंही नाव नाही). तिथे ड्युटीवरच्या डॉक्टरने गॅस म्हणून अ‍ॅसिडिटीचं एक आणि दुखण्याचं एक इंजेक्शन दिलं आणि उद्या या म्हणाले. आता दुखण्याचं इंजेक्शन दिलं त्याबद्दल माझी तक्रार नाही, पूर्वी म्हणायचे की त्याने निदान लपतं पण आता सर्जन लोकच म्हणतात की पेशंटला तडफडत ठेवायचं कारण नाही. तक्रार ही की दोन आठवडे ताप असलेल्या पोराचं पोट लाकडासारखं कडक झालंय आणि तुम्ही साधा उभ्याने एक्स-रे काढत नाही, सर्जनला फोन करत नाही. पोटाला हात लावून बघितलं असतं तरी कळलं असतं. आता मलाही कळतं म्हणजे बघा.

तिथून निघालो ते या हॉस्पिटलला. इथून खरा रिव्ह्यू चालू.

कॅज्युअल्टीमध्ये गर्दी होती पण याचा चेहरा बघून लगेच आत घेतला. पल्स १३० च्या पुढे, बीपी खाली, जीभ कोरडी, लघवी दुपारपासून झालेली नाही. छातीचा उभ्याने एक्स-रे काढला, त्यात उजव्या बाजूला लिव्हरच्या वर, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली हवेची काळी पट्टी दिसत होती. ही हवा तिथे नसतेच, आतडं किंवा जठर फुटलं की बाहेर पडून तिथे जाऊन बसते. सर्जन अर्ध्या तासात आले, घरच्या चपलांवर, वय असेल पंचेचाळीसच्या आसपास. त्यांनी पोट तपासलं, सोनोग्राफीत पोटात पाणी दिसतंय हे बघितलं आणि सरळ सांगितलं की लहान आतडं फुटलंय, बहुतेक टायफॉइड, आज रात्रीच उघडायला लागेल. मी विचारलं सीटी नको का करायला. म्हणाले, एक्स-रेमध्ये हवा दिसतेय, पोट कडक आहे, माझा निर्णय सीटीने बदलणार नाही, मग त्यात वेळ कशाला घालवू. बऱ्याच जणांच्या एक्स-रेत ही हवा दिसत नाही, खास करून लहान आतड्याच्या भोकात, तेव्हा मात्र सीटी लागतोच. म्हणजे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका हे पण लक्षात ठेवा. पुण्यात जिथे डोकं दुखलं तरी एमआरआय लिहून देतात तिथे एवढी महागडी टेस्ट डॉक्टर स्वतःहून नको म्हणतोय, हे बघून माझा विश्वास बसला तो तिथेच.

मग पुढचे दोनेक तास ओटीत नेलंच नाही. बाहेर आम्ही नुसते तडफडत होतो, ताई आणि दाजी बार्शीहून गाडीत बसून निघाले होते आणि दर दहा मिनिटांनी फोन, घेतलं का, घेतलं का. मी चिडून विचारलं तर सर्जन म्हणाले, टाकीत पाणी नसताना मोटर चालू केली तर काय होतं, जळते ना, तसंच आहे, आधी टाकी भरू द्या. या दोन तासांत दोन्ही हातांना सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक, नाकातून नळी टाकून पोटातलं हिरवं पाणी बाहेर काढणं, लघवीची नळी, रक्ताची तयारी, ब्लड कल्चर (रक्तात कुठला जंतू वाढतो ते बघायची टेस्ट). लघवी सुरू झाली आणि बीपी जरा वर आलं तशी ट्रॉली हलली. कोणाच्या घरात अशी वेळ आली तर हा वेळ वाया जात नसतो हे घरच्यांना सांगा, ओरडू नका त्या रेसिडेंट पोरांवर, ती बिचारी आधीच झोपेविना असतात.

कन्सेंटच्या वेळी जे झालं ते मला सगळ्यात आवडलं. सर्जननी ईसीजीच्या कागदाच्या मागे पेनने आतडं काढून दाखवलं. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठींमध्ये घुसतात, त्या सुजतात, तिथे अल्सर होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो आरपार जाऊ शकतो. आत गेल्यावर तीनपैकी काहीतरी एक करणार म्हणाले. एकच छोटं भोक असेल आणि बाजूचं आतडं चांगलं असेल तर कडा साफ करून भोक शिवून टाकायचं. जास्त भोकं असतील किंवा तेवढा भाग खराब असेल तर तुकडा कापून दोन टोकं जोडायची. आणि पोट फार घाण असेल, आतडं सुजून ओल्या कागदासारखं झालं असेल, बीपी धड नसेल, तर जोडायच्या भानगडीत न पडता टोक पोटावर बाहेर काढायचं, म्हणजे इलिओस्टॉमी, त्याला पिशवी लागते, ती नंतर बंद करतात. कुठलं करणार ते आत बघितल्याशिवाय सांगणार नाही, तुम्ही तिन्हीला सही करा.

पिशवी म्हटल्यावर दाजी फोनवर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, डॉक्टर, पिशवी नको, काय खर्च व्हायचा तो होऊ दे पण पोरगा अजून लग्नाचा आहे. त्यावर सर्जननी जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द नाही पण अर्थाने लिहितो : पिशवी म्हणजे ऑपरेशन फसलं असं नसतं, खराब आतड्याला आज टाका घातला तर आज रात्री तुम्ही खूश व्हाल आणि पाच-सात दिवसांनी तो टाका सुटला तर मग मी पण काही करू शकणार नाही कदाचित, पिशवी तीन महिन्यांनी जाते, लीक झालेलं पोट माणूस घेऊन जातं. दाजी म्हणाले तुम्हाला योग्य वाटेल ते करा. रात्री पावणेबाराला हे फोनवर ऐकून घेण्याइतका पेशन्स असलेला सर्जन मला तरी पहिल्यांदा भेटला.

आत दोन भोकं निघाली, मोठं आतडं सुरू होतं त्याच्या अलीकडे साधारण वीतभर अंतरात, आणि तिसरं होऊ घातलेलं. पोटात दीड-दोन लिटर घाण पाणी आणि पू. तेवढा तुकडा काढला, पोट सलाईनने धुतलं, अगदी लिटरवर लिटर ओतून, नळ्या ठेवल्या आणि इलिओस्टॉमी केली. बाहेर आल्यावर सर्जननी काढलेला तुकडा डबीत दाखवला, मी बघितला, ताईला बघू दिला नाही. तो बायोप्सीला गेला. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं कारण इथे लहान आतडं फुटण्यामागे टायफॉइडच्या जोडीने टीबी पण असतो, शिवाय क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार), कॅन्सर, दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणं, कधी माशाचा काटा सुद्धा, आणि डोळ्यांनी बघून दर वेळी खात्रीने सांगता येत नाही. वॉर्डात शेजारच्या बेडला एक काका होते त्यांचा टीबी निघाला होता, आतडं एका ठिकाणी आवळलं जाऊन त्याच्या वरच्या बाजूला फुटलेलं. ऑपरेशन जवळपास तेच पण त्यांना पुढे सहा महिने टीबीच्या गोळ्या. त्या सरकारकडून फुकट मिळतात आणि खायला-प्यायला म्हणून महिन्याला खात्यात पैसे पण येतात, पूर्वी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. काकांच्या घरच्यांना हे माहीत नव्हतं, बाहेरून विकत घेत होते.

आयसीयू ठीक. स्वच्छ होतं, मॉनिटरचा आवाज, दिवसातून दोनदा भेट, एकालाच पास. जखमेबद्दल एक गोष्ट सांगतो कारण ताई बघून घाबरली होती. वरची कातडी पूर्ण शिवली नव्हती, मुद्दाम उघडी ठेवली होती आणि रोज ड्रेसिंग. इतक्या घाण पोटात कातडी गच्च शिवली तर आत पू साठतो म्हणून. नंतर साफ झाल्यावर टाके घेतले. फिजिओवाल्या मॅडम दुसऱ्याच दिवशी हजर, उठून बसवणं, फुगे फुंकायला लावणं, खोकताना पोटावर उशी दाबायला शिकवणं. भाचा म्हणायचा मामा यांना सांग ना जरा दमाने घ्या, पण निमोनिया झाला नाही याचं श्रेय त्या मॅडमनाच.

आता स्टोमा सिस्टर. यांच्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला बसलो. इलिओस्टॉमीतून जे बाहेर येतं ते शौचासारखं घट्ट नसतं, पातळ असतं आणि त्यात पाचक रस असतात, ते कातडीला लागले की कातडी अक्षरशः जळते. पहिले दोन दिवस वॉर्डातल्या पोरींनी पिशवीला मोठं भोक कापून लावली आणि आजूबाजूची कातडी लालभडक. तिसऱ्या दिवशी या सिस्टर आल्या, बघून म्हणाल्या, कोणी कापलं हे, काय गोधडीला ठिगळ लावताय का. मग माप घ्यायचा कागद आणला, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं भोक कापायचं, कातडी कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करायची, साबण-डेटॉल काही नाही, लाल जागेवर स्टोमाची पावडर टाकून जास्तीची झटकायची, मग चिकटवायचं आणि हाताची ऊब देऊन पाच मिनिटं दाबून धरायचं. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरू दिली तर वजनाने सुटते. बदलायची सकाळी उपाशीपोटी, तेव्हा कमी वाहतं. हे सगळं त्यांनी भाच्याच्याच हाताने करून घेतलं, ताई पुढे झाली तर म्हणाल्या, तुम्ही बसा ताई, हा एमपीएससी होणार ना, मग हे पण करेल. आधी हा पोटाकडे बघायचाच नाही, छताकडे बघत पडायचा. आठवड्याने स्वतः कात्री घेऊन बसला होता.

इथून पुढे मात्र हॉस्पिटलचे मार्क कमी होतात. हे सगळं ज्ञान एकाच बाईच्या डोक्यात आहे, आणि डिस्चार्ज दिला रविवारी, त्यांची सुट्टी. खायचं-प्यायचं समजावणं त्यांनी शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं ते राहूनच गेलं. डिस्चार्ज कार्डवर काय लिहिलंय तर “सॉफ्ट डाएट, भरपूर पाणी”. आता इलिओस्टॉमीत पाण्याबरोबर मीठ पण भरपूर जातं, मोठं आतडं जे शोषून घ्यायचं ते वाटेतच नाही ना. पोरगा भर मेमध्ये नुसतं पाणी पीत राहिला, जेवढं प्यायचा त्याहून जास्त पिशवीत, पायात गोळे, चक्कर. परत कॅज्युअल्टी, रक्तातलं सोडियम १२६ म्हणजे फारच कमी, एक रात्र सलाईन. त्याचं वेगळं बिल, अर्थातच. नंतर सिस्टरनी सांगितलं की साधं पाणी मोजून, ओआरएस रोज, जेवणात मीठ कमी करायचं नाही, भात, केळं, दही, साबुदाणा, नाचणीने जरा घट्ट होतं, मक्याचं कणीस, ओलं खोबरं, शेंगदाणे, मशरूम सध्या नाही कारण ते अडकतं. आणि पिशवीतून दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर जायला लागलं तर वाट न बघता या. अर्ध्या पानाचं छापील पत्रक मराठीत काढून प्रत्येकाच्या हातात दिलं तर हे परत येणं वाचलं असतं. मी लेखी दिलंय त्यांना हे, बघू.

दुसरी गोष्ट, बायोप्सीचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर आला आणि कोणी फोन केला नाही. मी स्वतः लॅबच्या खिडकीवर जाऊन आणला. टीबी नाही, टायफॉइडशी जुळणारं, आणि ब्लड कल्चरमध्ये पण टायफॉइडचाच जंतू सापडला होता त्यामुळे विषय संपला. पण समजा टीबी असता तर? रिपोर्ट फाईलीत आणि पेशंट बार्शीत, औषध न घेता. हे चालणार नाही.

बिलिंग. रात्री सांगितला अंदाज पावणेदोन लाख, शेवटी गेलं तीनच्या वर. आयसीयू वाढलं हे मान्य, इमर्जन्सी आहे, आधी कोण सांगू शकतो. पण हातमोज्यांपासून कापसापर्यंत दोन पानं, आणि स्टोमा किट आमच्या नावावर दोनदा लावलंय ज्यातलं एक आम्ही सदाशिव पेठेतल्या दुकानातून स्वतः आणलं होतं, पावती आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणतो सिस्टीममध्ये आलंय सर. सिस्टीममध्ये आलंय म्हणजे काय आकाशातून पडलंय का. वाद चालू आहे. भाच्याकडे पॉलिसी नाही, घरी शेती. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत, पण हे हॉस्पिटल योजनेत नाही आणि हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. तुमच्याकडे पेशंट हलवण्याइतका वेळ असेल तर दारातच विचारा योजनेत आहात का आणि आरोग्यमित्र (योजनेचा मदत करणारा माणूस) कुठे बसतो. ट्रस्टची जी मोठी हॉस्पिटलं आहेत त्यांना कायद्याने दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला लागतो, तो घरात तयार ठेवा. आणि ससून आहेच, लोक नाकं मुरडतात पण तिथल्या सर्जरीवाल्यांना असली पोटं नवीन नाहीत.

पिशवी तीनेक महिन्यांनी बंद केली. वजन परत आलं, हिमोग्लोबिन सुधारलं, आधी खालच्या आतड्यात औषध सोडून एक्स-रे काढले आणि पुढे रस्ता मोकळा आहे याची खात्री केली. हे ऑपरेशन छोटं, तासाभराचं, सर्जन तेच. यावेळी मात्र पॅकेज लेखी घेतलं, त्यात काय येतं काय नाही ते सही-शिक्क्यासह, आणि बिल एका रुपयाने वाढलं नाही, म्हणजे जमतं त्यांना. सुरुवातीला दिवसाला सात-आठ वेळा जावं लागायचं, हळूहळू कमी झालं. तुकडा छोटाच गेलाय त्यामुळे बी-१२ वगैरेची भीती फारशी नाही म्हणाले, तरी वर्षाने एकदा तपासा.

टायफॉइडची लस असते, एकच डोस, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना फुकट दिली होती. पुण्यात बाहेरगावची एवढी पोरं मेसवर जगतात त्यांनी ती घ्यायला हरकत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसची (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आली तेव्हा सगळे पाणी उकळून प्यायला लागले होते, किती दिवस टिकलं ते आपल्याला माहितीये. आणि ताप चार-पाच दिवसांत गेला नाही तर नुसत्या विडालवर राहू नका, ती उगाच पण पॉझिटिव्ह येते, ब्लड कल्चर मागा, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. सुरू केलं की कोर्स पूर्ण.

बाकी किरकोळ : कॅन्टीनचा पोहे-उपमा बरा, जेवण बेचव, चहा चांगला. रिलेटिव्हना झोपायला वेटिंगमध्ये खुर्च्याच आहेत, सतरंजी घेऊन जा, एसी फुल्ल असतो. लिफ्ट एकच चालू. पार्किंग चारचाकीला अजिबात नाही, गल्लीत लावली तर टो होते, आमच्या दाजींची झाली.